सांख्यिकीचा पेपर आठ दिवसांवर : शिकवणी घेताना काय पाहावे?

बी.कॉम.च्या परीक्षा तोंडावर आल्या की मोमिनपुरा, हंसापुरीकडील अनेक व्यापारी बांधव आम्हाला विचारतात : मुलाला सांख्यिकी जमत नाही, पेपर आठ दिवसांवर आला, आता पैसे देऊन शिकवणी लावावी काय? आम्ही म्हणतो, जरूर लावावी. पण माल घेताना जसा पारखून घेतो तशीच.

"आठ दिवसांत सगळा अभ्यासक्रम करून देतो" असे म्हणणाऱ्यापासून दूर राहावे. चांगला शिक्षक पहिल्याच दिवशी जुन्या प्रश्नपत्रिका काढतो, मुलाला समोर बसवून गणित सोडवायला लावतो आणि तो कोठे अडतो ते पाहतो. पुढचे दिवस त्या अडलेल्या जागांवरच द्यावेत. पेन्सिल मुलाच्या हातात हवी. शिक्षकच फळ्यावर गणिते सोडवीत राहिला तर पैसे वाया गेले समजावे. दर तासाप्रमाणे आधीच ठरवावा, महिन्याची फी आगाऊ देऊ नये. दोन-तीन मुले मिळून शिकली तर खर्चही वाटला जातो.

खरे तर हा विषय आपल्या गल्ल्यातलाच आहे. समजा, एका कापड दुकानाची पाच दिवसांची विक्री २,०००, २,५००, २,५००, ३,००० आणि ईदच्या आदल्या दिवशी १०,००० रुपये झाली. एकूण २०,०००, पाचाने भागले की मध्य ४,०००. पण पाचपैकी चार दिवस विक्री त्याहून कमीच आहे! आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घेतला तर २,५००, हा मध्यक. सर्वांत जास्त वेळा आलेला आकडाही २,५००च, तो बहुलक. रोजचा माल ४,००० च्या हिशेबाने भरणारा दुकानदार फसेल, हे वडिलांना कळते. मुलाला फक्त सूत्र ठाऊक असते. विक्रीतील चढउतार मोजायचा तर प्रमाण विचलन काढावे लागते. येथे ते सुमारे ३,०१७ येते, म्हणजे जवळजवळ सरासरीच्या तीन चतुर्थांश. असे गणित घरच्या वहीतून करून घेतले तर मुलाच्या डोक्यात बसते. सहसंबंध आणि निर्देशांक मात्र शिक्षकाकडूनच समजून घ्यावेत.

या दिवसांत आणखी एक जात बाजारात फिरते : "पेपर मिळवून देतो, गुण वाढवून देतो." नागपूर विद्यापीठातील गुणवाढीचा घोटाळा १९९९ साली उघडकीस आला आणि प्रकरण पोलीस व न्यायालयापर्यंत गेले, हे अनेकांना आठवत असेल. परीक्षेतील गैरप्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात १९८२ चा स्वतंत्र कायदा आहे. अशा माणसाला दुकानाची पायरीही चढू देऊ नये.

परीक्षेत कॅल्क्युलेटर चालतो काय, हे महाविद्यालयात आधीच विचारून घ्यावे. चालत असेल तर सराव त्याच यंत्रावर करावा. नसेल तर वर्गमुळे हाताने काढायची सवय आजपासूनच लावावी.