निग्रोधमृगाची पाळी

वाराणसीपासून सुमारे दहा किलोमीटरवर सारनाथ आहे. भगवान बुद्धांच्या पहिल्या उपदेशाचे हे स्थान. त्याचे जुने नाव मृगदाव, म्हणजे हरणांचे वन. या वनाशी जोडली गेलेली जातककथा पुष्कळांनी बालपणी ऐकलेली असते, आणि बहुधा त्यामुळेच तिच्याकडे पुन्हा कुणी वळत नाही.

काशीच्या ब्रह्मदत्त राजाला मृगयेचे व्यसन होते. त्याच्या उद्यानात कोंडलेल्या हरणांचे कळप दोन. एकाचा नायक निग्रोध, दुसऱ्याचा शाख. दोघा नायकांना राजाने अभय दिले होते. बाकीच्यांत एक हरीण मारताना कित्येक घायाळ होत. तेव्हा नायकांनी ठरविले, की आळीपाळीने एकेका कळपातील एका हरणाने चिठ्ठीप्रमाणे आपण होऊन ठोकळ्यावर मान ठेवावी. व्यवस्था निर्दोष होती. एके दिवशी शाखाच्या कळपातील गाभण हरिणीची पाळी आली. प्रसूतीनंतर आम्ही दोघे पाळीला उभे राहू, तोवर मला वगळा, अशी तिची विनंती. तुझी पाळी दुसऱ्यावर घालता येणार नाही, हे शाखाचे उत्तर. नियमाच्या दृष्टीने त्यात चूक काढता येत नाही! निग्रोधानेही ती पाळी दुसऱ्या कुणावर घातली नाही. तो स्वतः जाऊन ठोकळ्याशी आडवा झाला. राजाने अभय दिलेला प्राणी तेथे पाहून स्वयंपाकी गोंधळला, राजाकडे धावला, आणि पुढे साऱ्याच मृगांना अभय मिळाले.

ही कथा हरणांची खरी, पण तिच्यातील प्रश्न शहाण्यासुरत्या माणसांचा आहे. नियम आणि न्याय यांच्यामधल्या अंतराचा. १९५७ साली तिच्यावर ‘द बनियन डीअर’ हा रेखाटलेला लघुपट निघाला. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये आदल्याच वर्षी कार्टून विभाग सुरू झाला होता. डिस्नेच्या चित्रशाळेतून आलेले क्लेअर वीक्स तेथील तरुण चित्रकारांना शिकवीत होते. वीक्स यांचा जन्म भारतात मिशनरी कुटुंबातला. ‘बॅम्बी’वरही त्यांनी काम केले होते, तेव्हा हरणे त्यांच्या हातास परिचित होती. पुढे नावारूपाला आलेले राम मोहन याच विभागात घडले.

‘कार्टून’ या शब्दाने मात्र या कलेचे नुकसानच केले आहे. शब्द उच्चारताच श्रोता हसण्याच्या तयारीने बसतो. वास्तविक १९१५ साली ‘लुसिटानिया’ बोट बुडून सुमारे बाराशे माणसे मेली, तो प्रसंग विन्सर मॅके याने १९१८ मध्ये हातांनी रेखाटूनच पडद्यावर आणला; कारण त्या वेळी तेथे कॅमेरा नव्हता. गंभीर विषयाला रेषा उपयोगी पडते ती अशी. कॅमेऱ्यापुढे खरे हरीण उभे केले तर प्रेक्षक त्या एका हरणाची काळजी करू लागतो. रेखाटलेले हरीण कोणत्याही हरणाच्या, आणि मग कोणत्याही जिवाच्या ठिकाणी उभे राहू शकते.

हे स्वातंत्र्य स्वस्तात मिळत नाही. पडद्यावर सेकंदाला चोवीस चित्रे सरकतात. एक चित्र दोनदा वापरण्याची काटकसर केली तरी पाच मिनिटांना तीन हजार सहाशे चित्रे लागतात! लघुपटाचे लघुत्व पुष्कळदा या हिशेबातूनच येते.

काशीत ज्या विषयाचे कुणालाच वावडे नाही, त्या मृत्यूवर गुजरातेतून कॅनडात गेलेल्या ईशू पटेलांनी १९७८ साली ‘आफ्टरलाइफ’ केला. काचेवर मऊ मातीसारख्या प्लॅस्टिसिनचा पातळ थर पसरावयाचा, खालून उजेड सोडावयाचा, आणि थर किंचित बदलून पुन्हा छायाचित्र घ्यावयाचे. नवे चित्र जन्मते ते आधीचे मोडूनच, आणि मोडलेले चित्र परत मिळत नाही. विषयाला इतके अनुरूप साधन क्वचितच सापडते.

मराठी माणसाचा या कलेशी संबंध त्याहून कितीतरी जुना आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१५ मध्ये ‘आगकाड्यांची मौज’ हा छोटा चित्रपट केला. फ्रान्सच्या एमिल कोल याने काड्यांना १९०८ सालीच चालते केले होते, पण येथे तो प्रयोग नवा होता. एकेक काडी बोटाने सरकवून एकेक चित्र घ्यावयाचे, एवढीच युक्ती. पुढे कंपनीतील भागीदारांशी बिनसले, तेव्हा १९२० च्या सुमारास फाळके सहकुटुंब काशीला जाऊन राहिले. तेथे त्यांनी काड्या हलविल्या नाहीत. ‘रंगभूमी’ हे उपरोधिक नाटक लिहिले आणि काही काळाने ते चित्रपटाकडे परतले.

काडीनंतर पेटीची पाळी यावयास नव्वद वर्षे लोटली. २००६ साली मुंबईच्या गीतांजली राव यांचा ‘प्रिंटेड रेनबो’ कान महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात दाखविला गेला आणि तेथे गौरविला गेला. चित्रे त्यांनी जवळजवळ एकहाती, वर्षानुवर्षे रंगविली. त्यात एक एकाकी म्हातारी आहे, तिचे मांजर आहे, आणि जमविलेल्या काड्यापेट्या आहेत. खिडकीबाहेरचे शहर करडे आहे. रंग आहेत ते पेट्यांवरच्या छापांत, आणि म्हातारी एकेक पेटी उचलून त्यांत शिरते.