मार्सेलिसची ‘मोरिया’ बोट होती तरी कशी?



मागच्या आठवड्यात वर्गात मार्सेलिसच्या उडीची गोष्ट सांगत होतो. ८ जुलै १९१० ची सकाळ. विनायक दामोदर सावरकरांना कैदी म्हणून इंग्लंडहून हिंदुस्थानात आणलं जात होतं. बोट फ्रान्सच्या मार्सेलिस बंदरात उभी होती. स्वच्छतागृहाच्या गोल खिडकीतून त्यांनी समुद्रात उडी घेतली, पोहत धक्का गाठला. गोष्ट रंगात आली होती, तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, एवढ्याशा भोकातून माणूस निंगला कसा जी? अन् बोटीले खिडक्या कायले ठेवल्या? पानी नाही घुसत का?”

वर्ग हसला. मीही हसलो. पण उत्तर मला नीट देता आलं नाही, हे खरं. सावरकरांच्या राजकारणाबद्दल घरोघरी वेगवेगळी मतं असतील, तो विषय आज नाही. मुलाचा प्रश्न बोटीबद्दल होता. म्हणून आजचा पाठ बोटीचा.

बोटीची ओळख

बोटीचं नाव ‘मोरिया’. मुलांना लगेच गणपती आठवतो! पण हे नाव ग्रीस देशातल्या एका द्वीपकल्पाचं जुनं नाव आहे. बोट पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीची. स्कॉटलंडमधल्या ग्लासगो इथे बार्कले कर्ल या कारखान्यात १९०८ मध्ये ती बांधली गेली. त्या काळात कंपनीने एकाच घडणीच्या दहा मोठ्या बोटी बांधल्या आणि सगळ्यांची नावं ‘म’ने सुरू होणारी ठेवली. त्यातली एक तर चक्क ‘माळवा’ होती.

मोरियाची मापं अशी:

- लांबी सुमारे ५४० फूट, म्हणजे १६५ मीटर
- रुंदी सुमारे ६१ फूट, म्हणजे साडेअठरा मीटर
- नोंदणीचं माप १०,८९० टन
- प्रवासी: पहिल्या वर्गाचे सुमारे ४००, दुसऱ्या वर्गाचे सुमारे २००

लांबीला रुंदीने भागायला सांगा. उत्तर नऊच्या जवळपास येतं. बोट लांब आणि निमुळती असली की पाणी कमी अडवतं, म्हणून वेगाने जाणाऱ्या बोटी अशा घडणीच्या असतात. शिवाय या बोटीला सुएझ कालव्यातून जायचं होतं. त्यामुळे तिची रुंदी आणि पाण्याखालची खोली मनाला येईल तेवढी वाढवता येत नव्हती.

टन म्हणजे वजन नव्हे

इथे आपलीही गल्लत होते. ‘१०,८९० टनांची बोट’ म्हटलं की आपण वजन समजतो. पण बोटीच्या नोंदणीतला हा टन जागेचं माप आहे. १०० घनफूट बंदिस्त जागा म्हणजे एक टन. घनमीटरमध्ये २.८३. म्हणजे मोरियाच्या आत जवळपास ३०,८०० घनमीटर जागा होती. आपली वर्गखोली ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद, ३ मीटर उंच धरली तर ती १४४ घनमीटर होते. आता भागाकार करा. जवळपास २१४ वर्गखोल्या! एवढी शाळा समुद्रावर तरंगत होती.

खिडकी कशाला आणि गोलच का?

आता त्या मुलाचा प्रश्न. त्या काळी बोटीवर वातानुकूलन नव्हतं. लोखंडी भिंतींच्या खोल्या आणि वाटेत तांबडा समुद्र. खिडकी उघडता आली नसती तर माणसं उकडून निघाली असती. म्हणून खिडकी हवी आणि ती उघडणारी हवी.

गोल का? चौकोनी खिडकीच्या कोपऱ्यांवर ताण एकवटतो आणि पत्र्याला तडा तिथूनच जातो. लाटांवर बोट सतत थोडी वाकत असते, त्यामुळे हा ताण रोजचा. गोलाला कोपराच नाही, ताण सगळीकडे वाटला जातो. वर्गात कागदाला एक चौकोनी आणि एक गोल छेद देऊन दोन्ही बाजूंनी ओढून दाखवा, बहुतेक वेळा चौकोन कोपऱ्यातून फाटतो.

पाणी आत येऊ नये म्हणून जाड काच, धातूची चौकट आणि घट्ट आवळायचे स्क्रू. वादळात आतून लोखंडी झाकणही लावत. बंदरात मात्र खिडकी उघडी ठेवायला हरकत नसे.

आणखी एक गोष्ट मुलांना सांगावी. बोट भर समुद्रात नव्हती, बंदरात उभी होती. यामुळे त्या उडीचं धाडस कमी होत नाही, पण चित्र खरं उभं राहतं. धक्क्यावर फ्रेंच शिपायाने त्यांना पकडलं आणि पुन्हा बोटीवर ब्रिटिशांच्या ताब्यात दिलं. फ्रान्सच्या जमिनीवर पाय ठेवलेल्या माणसाला असं परत देता येतं का, हा वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय लवादापुढे गेला. २४ फेब्रुवारी १९११ ला निकाल लागला, की सावरकरांना फ्रान्सकडे परत देण्याचं बंधन ब्रिटनवर नाही.

मोरिया मुंबईला आलीच नाही. ती एडनहून पुढे गेली. मुंबईच्या प्रवाशांना एडनला दुसरी बोट घ्यावी लागे. तिचं नाव ‘साल्सेट’, म्हणजे आपलं साष्टी बेट! सावरकरांनाही तिच्यातूनच मुंबईला आणलं.

बोट चालायची कशावर?

हा भाग आपल्या राजूरच्या मुलांना मी वेगळा समजावून सांगतो, कारण उत्तर आपल्या गावातच आहे. कोळशावर!

भट्टीत कोळसा जळतो, बॉयलरमध्ये पाण्याची वाफ होते, वाफ सिलिंडरमधला दट्ट्या ढकलते आणि दट्ट्या पंख्याचा दांडा फिरवतो. मोरियाला असे दोन पंखे होते, बोटीच्या मागे, पाण्याखाली. गंमत पुढे आहे. पहिल्या सिलिंडरमधून बाहेर पडलेल्या वाफेत अजून दाब उरलेला असतो. ती फुकट का घालवायची? म्हणून ती दुसऱ्या, मग तिसऱ्या, मग चौथ्या सिलिंडरमध्ये नेत. दाब कमी होत जातो, वाफ पसरत जाते, म्हणून सिलिंडर मोठे होत जातात. एकाच वाफेकडून चारदा काम! शेवटी ती थंड करून तिचं पाणी पुन्हा बॉयलरमध्ये सोडत, कारण समुद्राचं खारं पाणी बॉयलरला चालत नाही.

वेग? ताशी १६ सागरी मैल धरले तरी साधारण ३० किलोमीटर होतात. आपली एसटी याहून जोरात जाते. पण एसटी रात्री आगारात थांबते, बोट थांबत नाही. चोवीस तासांत ७०० किलोमीटर.

कोळसा किती लागत असेल? त्या काळातली सगळ्यात मोठी बोट टायटॅनिक घ्या. २९ बॉयलर, १५९ भट्ट्या, दिवसाला सुमारे ६०० टन कोळसा. एका टिपरमध्ये २० टन धरा. रोज ३० टिपर! आणि हा कोळसा भट्टीत टाकायला यंत्र नव्हतं. फावडं आणि माणूस. मोरिया टायटॅनिकच्या पाव आकाराची होती, पण काम तेच. वाटेत पोर्ट सैद, एडन अशा बंदरांत पुन्हा कोळसा भरावा लागे. तिथेही माणसंच टोपल्या वाहून बोट भरत.

खाली कोण होतं?

पी अँड ओच्या बोटींवर ही माणसं बहुतेक आपल्याच बाजूची होती. भट्टीवर पंजाबी आणि पठाण, जेवणघरात आणि खोल्यांच्या सेवेत गोव्याचे लोक, वर डेकवर कोकण-गुजरात किनाऱ्याचे खलाशी. त्यांच्या मुकादमाला ‘सारंग’ म्हणत, त्याच्या हाताखालच्याला ‘तांडेल’. हे शब्द आजही कोकणात आडनावं म्हणून भेटतात.

वर पहिल्या वर्गात लोक वाऱ्यावर खुर्च्या टाकून बसत. खाली तांबड्या समुद्रातल्या उकाड्यात भट्टीपुढे माणूस उभा. बोटीची माहितीपत्रकं वरच्या मजल्याची वर्णनं करतात. खालच्यांची नावं कुणी छापत नाही.

हे सांगून झाल्यावर वर्ग शांत झाला. मग तोच मागच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, “सर, माहे आजोबा बी खदानीत फावडंच चालवत.” मी त्याला पुढे बोलावलं आणि आजोबांबद्दल सांगायला लावलं. तो पाच मिनिटं बोलला. एरवी तो तोंड उघडत नाही.

पुढे काय झालं?

पहिल्या महायुद्धात मोरियावर तोफा बसवून तिला नौदलाच्या कामाला लावलं. महायुद्धानंतर मोठ्या बोटी हळूहळू तेलावर चालू लागल्या आणि फावडं मागे पडलं. १९३० मध्ये मोरिया जपानमध्ये भंगारात निघाली.

वर्गात आणि घरी करून पाहा

१. शाळेसमोरच्या रस्त्यावर किंवा मैदानात १६५ मीटर मोजा. एका टोकाला एक मूल, दुसऱ्या टोकाला दुसरं. एकमेकांना हाक मारून पाहू द्या.

२. टायटॅनिकची लांबी २६९ मीटर, रुंदी २८.२ मीटर. गुणोत्तर काढून मोरियाशी तुलना करा.

३. पालकांनी घरी आजी-आजोबांना खाणीतल्या कामाबद्दल मुलांसमोर विचारावं. पाळी किती तासांची, हत्यारं कोणती, पगार किती. मुलांनी वहीत लिहावं, नावासकट.

इतिहासातली बोट मुलांना दूरची वाटते. पण तिच्या भट्टीतला कोळसा राजूरच्या मुलांना दूरचा नाही. तिथून सुरुवात केली तर ती आपणहून पुढचे प्रश्न विचारतात. माझ्या वर्गात विचारले. तुमच्या वर्गात काय विचारलं, ते जरूर कळवा.