हरणारे शर्यत का सोडत नाहीत?

२५ जानेवारी १९७२ ची गोष्ट. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागातलं एक चर्च. समोर माणसं बसलेली आणि व्यासपीठावर एक बाई उभ्या. चणीनं लहानखुऱ्या, डोळ्यांवर चष्मा, आवाज मात्र खणखणीत! त्यांनी जाहीर केलं, की मी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी उभी राहणार आहे.

या बाईंचं नाव शर्ली चिझम. राजकारणात येण्यापूर्वी त्या काय करत होत्या, माहीत आहे? लहान मुलांना शिकवत होत्या! आधी बालवाडीच्या बाई, मग पाळणाघराच्या संचालिका. मी स्वतः प्राथमिक शाळेत शिकवते, त्यामुळे हे वाचल्यावर त्या मला एकदम आपल्यातल्याच वाटल्या. १९६८ साली त्या अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये निवडून गेल्या. (ही काँग्रेस म्हणजे पक्ष नव्हे, बरं का! तिथल्या संसदेचंच ते नाव.) तिथं निवडून जाणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला.

पण राष्ट्राध्यक्षपद? छे! त्या जिंकतील असं जवळजवळ कोणालाच वाटत नव्हतं. हाताशी पैसा नाही, पाठीशी मोठे पुढारी नाहीत. एक तर कृष्णवर्णीय आणि त्यातून बाई! चिझमबाईंनाही हे सगळं ठाऊक होतं. तरी जानेवारीत सुरू केलेली शर्यत त्यांनी जुलैपर्यंत सोडली नाही.

हरणार हे दिसत असताना माणूस शर्यतीत का राहतो? मुलांनो, आज आपण हेच समजून घेणार आहोत. त्यासाठी आधी ही शर्यत कशी असते ते पाहू.

ही कसली ‘प्रायमरी’?

आपल्याकडे निवडणुकीत पक्षाचं तिकीट कोणाला द्यायचं, हे पक्षाचे वरिष्ठ पुढारी ठरवतात. अमेरिकेत डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन असे दोन मोठे पक्ष आहेत. तिथं हे तिकीट कोणाला, ते ठरवायलाही लोक मतदान करतात. त्या मतदानाला म्हणतात प्रायमरी. म्हणजे आपली पहिली ते चौथीची प्रायमरी नव्हे! काही राज्यांत नुसत्या मतदानाऐवजी पक्षाच्या लोकांच्या सभा भरतात. त्यांना कॉकस म्हणतात.

खरी निवडणूक नोव्हेंबरात. प्रायमरी त्याआधी, वर्षाच्या सुरुवातीपासून साधारण जूनपर्यंत. आणि गंमत म्हणजे हे मतदान साऱ्या देशात एकाच दिवशी होत नाही. आज या राज्यात, तर पुढच्या आठवड्यात त्या राज्यात. प्रत्येक राज्याचे ठरावीक प्रतिनिधी असतात. राज्यात पडलेल्या मतांवरून ते प्रतिनिधी उमेदवारांना मिळतात. मग उन्हाळ्यात पक्षाचं मोठं अधिवेशन भरतं. तिथं ज्याच्या बाजूनं निम्म्याहून जास्त प्रतिनिधी, त्याला तिकीट!

म्हणजे ही शंभर मीटरची धाव नाही, कित्येक महिने चालणारी लांब पल्ल्याची शर्यत आहे. पहिल्या दोन-चार राज्यांतच मागं पडलेले उमेदवार पटापट गळतात. मुख्य कारण पैसा! प्रवास, कचेऱ्या, कार्यकर्त्यांचे पगार, टीव्हीवरच्या जाहिराती, सगळ्याला पैसा लागतो. हरणाऱ्याला देणगी कोण देणार? तरीही काही जण तग धरून राहतात. का?

डाव पालटला तर?

पहिलं कारण अगदी सरळ आहे. पुढं काय होईल ते कोणी पाहिलंय?

१९७६ साली रोनाल्ड रेगन रिपब्लिकन पक्षाचं तिकीट मागत होते. समोर कोण, तर त्यांच्याच पक्षाचे राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड! न्यू हॅम्पशायरपासून इलिनॉयपर्यंत रेगन एकामागून एक प्रायमरी हरले. आता सोडा, असं लोक त्यांना म्हणू लागले. पण ते राहिले. २३ मार्चला नॉर्थ कॅरोलिना राज्यात ते जिंकले आणि शर्यतीत पुन्हा रंग भरला. शेवटी अधिवेशनात फोर्ड यांना ११८७ मतं मिळाली, रेगन यांना १०७०. म्हणजे हरलेच, पण अगदी थोडक्यात. चारच वर्षांनी, १९८० साली, तेच रेगन राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले.

अलीकडचं उदाहरण जो बायडन यांचं. २०२० साली आयोवा राज्यात ते चौथे आले, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे. संपलं सगळं, असंच अनेकांना वाटलं. पण २९ फेब्रुवारीला साउथ कॅरोलिनात ते मोठ्या फरकानं जिंकले. तीनच दिवसांनी एकदम चौदा राज्यांत मतदान होतं. त्यातली दहा त्यांनी जिंकली. आणि नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्षपदही!

अशा प्रायमरी राज्याच्या गव्हर्नरपदासाठीही होतात. तिथं एक मराठी नाव सापडतं. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०१८ साली मिशिगन राज्यात गव्हर्नरपदाच्या प्रायमरीला उभे राहिले आणि तिघांत तिसरे आले. पण त्या प्रचारात लोकांना त्यांचं नाव माहीत झालं. २०२० साली ते राज्याच्या विधिमंडळात निवडून आले आणि २०२२ साली थेट अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये.

हरले, तरी राष्ट्राध्यक्ष हलले!

काही उमेदवार मात्र जिंकण्यापेक्षा एखादा प्रश्न विचारण्यासाठी उभे राहतात. १९६८ साली अमेरिका व्हिएतनाममध्ये युद्ध करत होती. हजारो तरुण मरत होते. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन डेमोक्रॅटिक पक्षाचे. त्यांच्याच पक्षातले युजीन मॅकार्थी नावाचे सिनेटर युद्धाला विरोध म्हणून त्यांच्याविरुद्ध उभे राहिले. राष्ट्राध्यक्षांसमोर यांचा काय टिकाव लागणार, असंच बहुतेकांना वाटलं.

मॅकार्थी यांच्या मदतीला कोण धावून आलं? कॉलेजातले विद्यार्थी! लांब केस आणि दाढ्या पाहून गावातली माणसं दार उघडणार नाहीत, म्हणून कितीतरी मुलांनी केस कापले, दाढ्या काढल्या आणि न्यू हॅम्पशायरच्या थंडीत घरोघर फिरली. १२ मार्चला मतदान झालं. जॉन्सन यांना सुमारे ४९ टक्के मतं, मॅकार्थी यांना ४२. मॅकार्थी हरले, पण साऱ्या देशाला धक्का बसला. राष्ट्राध्यक्षांच्या पक्षातच एवढी नाराजी! ३१ मार्चला जॉन्सन यांनी टीव्हीवरून जाहीर केलं, की मी पुन्हा उभा राहणार नाही.

मॅकार्थी यांना काही तिकीट मिळालं नाही, आणि युद्धही लगेच थांबलं नाही. पण युद्धाचा प्रश्न आता कोणालाच टाळता येईना.

चिझमबाईंनी काय मिळवलं?

आता परत आपल्या चिझमबाईंकडे येऊ. १९७२ साली कॅलिफोर्नियाच्या प्रायमरीआधी टीव्हीवर वादविवाद ठेवले होते, ते फक्त दोन आघाडीच्या उमेदवारांचे. चिझमबाईंनी थेट कोर्टात दाद मागितली. कोर्टाचा निकाल त्यांच्या बाजूनं लागला आणि टीव्हीवाल्यांना त्यांना वेळ द्यावा लागला. मधेच शर्यत सोडली असती, तर कोर्टानं काय म्हणून वेळ द्यायला लावला असता?

त्याच प्रचारात चिझमबाई ओकलंड शहरातल्या मिल्स कॉलेजात भाषणाला गेल्या. तिथं बार्बरा ली नावाची विद्यार्थिनी होती. एखाद्या उमेदवाराच्या प्रचारात काम करायचं, असा प्रकल्प तिला कॉलेजात दिलेला होता. पण एकही उमेदवार तिला आपला वाटत नव्हता. नापास झाले तरी चालेल, असं तिनं ठरवून टाकलं होतं. तिनं मतदार म्हणून नावसुद्धा नोंदवलेलं नव्हतं! चिझमबाईंचं भाषण ऐकून ती त्यांना जाऊन भेटली. त्यांनी तिला आधी मतदार यादीत नाव घालायला सांगितलं. मग ती त्यांच्या प्रचारात कामाला लागली. पुढं हीच बार्बरा ली १९९८ साली काँग्रेसमध्ये निवडून आली आणि २०२५ साली ओकलंड शहराची महापौर झाली.

जुलैमधल्या अधिवेशनात चिझमबाईंना १५२ प्रतिनिधींची मतं पडली. तिकीट जॉर्ज मॅकगव्हर्न यांना मिळालं. पण एक कृष्णवर्णीय महिला राष्ट्राध्यक्षपदासाठी शेवटपर्यंत लढू शकते, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. चिझमबाई २००५ साली वारल्या. २०१५ साली राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी त्यांना देशाचा एक सर्वोच्च नागरी सन्मान मरणोत्तर दिला. आणि हे ओबामा स्वतः त्या पदापर्यंत कसे पोहोचले, त्यातही एका हरलेल्या उमेदवाराचा वाटा आहे!

नियमच बदलला

हे उमेदवार म्हणजे जेसी जॅक्सन. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे नेते. १९८४ साली त्यांना डेमोक्रॅटिक प्रायमरीत बरीच मतं पडली, पण प्रतिनिधी मात्र त्या मानानं फारच कमी मिळाले. असं कसं झालं?

एक सोपं गणित करू. समजा, एका राज्याचे १०० प्रतिनिधी आहेत. एका उमेदवाराला ५५ टक्के मतं पडली, दुसऱ्याला ४५. जिंकेल त्याला सगळे, असा नियम असेल तर पहिल्याला १०० आणि दुसऱ्याला शून्य! मतांप्रमाणे वाटणी असेल तर ५५ आणि ४५. माझ्या वर्गात हे गणित मी लिमलेटच्या गोळ्या वाटून करून दाखवलं. शून्य गोळ्या मिळालेल्या गटानं काय दंगा केला म्हणून सांगू!

जॅक्सन यांनीही तक्रार केली. १९८८ साली ते पुन्हा उभे राहिले, शेवटपर्यंत राहिले आणि दुसरे आले. हाताशी एवढे प्रतिनिधी असल्यावर पक्षाला त्यांचं म्हणणं ऐकावंच लागलं. त्यांनी वाटणीचा नियम मागून घेतला. १९९२ पासून डेमोक्रॅटिक पक्षात सगळीकडे तोच नियम आहे. मात्र वाटा मिळायला किमान १५ टक्के मतं लागतात.

पुढं २००८ साली हिलरी क्लिंटन यांनी कॅलिफोर्निया, न्यूयॉर्कसारखी मोठी राज्यं जिंकली. पण वाटणीच्या नियमामुळे ओबामांनाही तिथले पुष्कळ प्रतिनिधी मिळाले. शेवटी तिकीट ओबामांनाच मिळालं. ४ नोव्हेंबरच्या रात्री शिकागोच्या मैदानात ओबामांच्या विजयाची सभा भरली होती. त्या गर्दीत उभ्या असलेल्या जेसी जॅक्सन यांच्या गालांवरून अश्रू ओघळत होते.

दुसरी बाजूही पाहा

मग शेवटपर्यंत राहणं नेहमीच चांगलं का? तसं नाही. काही जणांना नुसती प्रसिद्धी हवी असते. शिवाय मतं फुटतात. २०१६ साली रिपब्लिकन पक्षात डोनाल्ड ट्रम्प आघाडीवर होते. जॉन केसिक हे आपलं ओहायो हे एकच राज्य जिंकले होते. तरी ते मे महिन्यापर्यंत राहिले. ट्रम्प नको असलेल्यांची मतं त्यामुळे विभागली गेली, अशी टीका त्यांच्यावर झाली. ट्रम्प नको असलेल्या मतदारांनाही कोणीतरी हवं, असं त्यांच्या बाजूनं म्हणता येतं. तुम्हाला काय वाटतं?

२०२४ साली निकी हेली याच वळणावर उभ्या होत्या. त्यांचे आईवडील पंजाबातून तिकडे गेलेले. आपल्याच साउथ कॅरोलिना राज्यात हरल्यावरही त्या थांबल्या नाहीत. वॉशिंग्टन शहरात जिंकून रिपब्लिकन प्रायमरी जिंकणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. मग व्हरमाँट राज्यही जिंकलं. पण बाकी सगळीकडे हरल्यावर ६ मार्चला त्यांनी माघार घेतली.

मुलांनो, अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक पुन्हा २०२८ साली आहे. तेव्हा प्रायमरीच्या बातम्या येऊ लागल्या, की आई-बाबांबरोबर बसून वहीत तीन रकाने आखा: उमेदवाराचं नाव, त्यानं शर्यत कधी सोडली आणि तोवर तो कोणती मागणी करत होता. जो जिंकेल, त्याच्या भाषणांत या हरलेल्यांपैकी कोणाची मागणी आली आहे का, ते शोधा. सापडली, तर तिच्यापुढं लाल पेनानं खूण करून ठेवा!