इनसाइड झोन अडवणूक

अमेरिकन फुटबॉल या खेळात चेंडू घेऊन फळीच्या मध्यभागातून धावण्याच्या एका प्रमुख डावात वापरली जाणारी सामूहिक अडवणुकीची पद्धती. या पद्धतीत आघाडीच्या फळीतील खेळाडूस विशिष्ट प्रतिस्पर्धी नेमून दिलेला नसतो. धावेच्या दिशेकडील लगतचे क्षेत्र नेमून दिलेले असते व त्या क्षेत्रात जो प्रतिस्पर्धी येईल त्याला त्याने अडवावयाचे असते. ‘झोन’ हे नाव त्यावरूनच पडले.

पार्श्वभूमी : या खेळात प्रत्येक संघाचे ११ खेळाडू मैदानावर असतात. चेंडू ताब्यात असलेल्या संघास १० यार्ड (सु. ९·१४ मी.) पुढे सरकण्यासाठी चार प्रयत्न मिळतात. त्याच्या आघाडीच्या फळीत मध्यभागी सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंस गार्ड व त्यांच्या बाहेर टॅकल असे पाच खेळाडू असतात; बहुधा एका टोकास टाइट एंड उभा असतो. सेंटरने पायांमधून मागे दिलेला चेंडू क्वार्टरबॅक हा रनिंग बॅकच्या हाती सोपवितो व तो धाव घेतो. फळीतील खेळाडूंनी प्रतिस्पर्ध्यांना ढकलून त्याला वाट करून द्यावयाची असते. ढकलणे नियमाला धरून आहे. मात्र मिठी मारणे किंवा पोशाख धरून रोखणे हा अपराध असून त्यासाठी १० यार्डांचा दंड होतो.

जुन्या पद्धतींत प्रत्येकास ठराविक गडी व धावणाऱ्यास ठराविक फट नेमून दिलेली असे. परंतु चेंडू खेळात येताच बचावाचे खेळाडू तिरपे घुसू लागले किंवा त्यांनी आपापसांत जागा बदलल्या, तर अशी योजना कोलमडते. कारण नेमलेला गडी नेमल्या जागी राहत नाही. या अडचणीतून क्षेत्रवार अडवणुकीचे महत्त्व वाढले.

तंत्र : चेंडू सुटताच फळीतील सर्व खेळाडू धावेच्या बाजूचे पाऊल एकाच वेळी टाकतात. हे पाऊल लहान, सु. १५ सेंमी. असते. दुसरे पाऊल प्रतिस्पर्ध्याच्या दोन्ही पायांच्या मधोमध पडावे असा प्रयत्न असतो. गुडघे वाकलेले, खांदे प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यांपेक्षा खाली, कोपरे अंगालगत आणि तळहात त्याच्या छातीवर, ही आदर्श स्थिती होय. जो खाली राहतो त्याचा जोर अधिक चालतो.

ज्याच्या थेट समोर बचावाचा खेळाडू उभा आहे तो ‘झाकलेला’ व ज्याच्या समोर कोणी नाही तो ‘मोकळा’ समजला जातो. मोकळ्या खेळाडूने धावेच्या बाजूच्या शेजाऱ्यास साहाय्य करावयाचे असते. उदा., धाव उजवीकडे असून सेंटर मोकळा व उजवा गार्ड झाकलेला असेल, तर दोघे मिळून गार्डसमोरच्या खेळाडूस मागे रेटतात. त्या वेळी दोघांच्या कमरा एकमेकींस भिडलेल्या असाव्या लागतात. मधून फट राहिल्यास प्रतिस्पर्धी तीतून घुसतो. दोघांचेही हात त्या खेळाडूवर, तर नजर त्याच्यामागे उभ्या असलेल्या लाइनबॅकरवर असते. रेटला जाणारा खेळाडू आतल्या बाजूस वळल्यास सेंटर त्याला ताब्यात घेतो आणि गार्ड सुटून लाइनबॅकरकडे जातो. तो जागी राहिल्यास किंवा बाहेर गेल्यास गार्ड त्याला धरून ठेवत नाही, तर अंगाने रेटत राहतो आणि सेंटर पुढे जातो. कोणी सुटावयाचे हे अशा रीतीने प्रतिस्पर्ध्याच्या हालचालीवरून ठरते.

या पद्धतीचे यश सुटण्याच्या क्षणावर अवलंबून असते. लवकर सुटल्यास पहिला प्रतिस्पर्धी चेंडूपर्यंत पोहोचतो. उशीर झाल्यास लाइनबॅकर मोकळा राहून धावणाऱ्यास पाडतो. म्हणून शेजारी खेळाडूंनी दीर्घकाळ एकत्र सराव करणे अत्यावश्यक मानले जाते.

रनिंग बॅक सामान्यतः धावेच्या बाजूच्या गार्डच्या रोखाने निघतो व फळीवरील प्रतिस्पर्ध्यांची हालचाल पाहून वाट निवडतो. सरळ आत शिरणे, उलट बाजूस वळणे व बाहेर पडणे असे तीन पर्याय त्याच्यापुढे असतात. त्याने एकदाच वळावे व मग थेट पुढे जावे, असा दंडक आहे. बाहेरच्या टोकाच्या रोखाने निघणारा ‘आउटसाइड झोन’ हा डाव याच तत्त्वावर आधारलेला असला, तरी त्यात फळी आडवी ताणली जाते. इनसाइड झोनमध्ये ती मागे रेटण्यावर भर असतो.

धावेच्या विरुद्ध टोकाचा प्रतिस्पर्धी मागून येऊन धावणाऱ्यास पकडू शकतो. त्याला टॅकल अडवितो किंवा टाइट एंड फळीमागून आडवा येऊन थोपवितो. ‘झोन रीड’ या प्रकारात मात्र त्याला मुद्दाम मोकळे सोडतात. तो आत धावला तर क्वार्टरबॅक चेंडू स्वतःकडेच ठेवून बाहेरून धावतो. तो जागी थांबला तर चेंडू रनिंग बॅकला देतो.

इतिहास : प्रतिस्पर्ध्यास तो जाईल त्या दिशेने रेटावे व धावणाऱ्याने मोकळी वाट शोधावी, हा विचार ग्रीन बे पॅकर्सचे प्रशिक्षक (१९५९–६७) व्हिन्स लोंबार्डी यांच्या खेळातही आढळतो. १९९५ पासून डेन्व्हर ब्राँकोज संघात मुख्य प्रशिक्षक माइक शॅनहॅन व फळीचे प्रशिक्षक अ‍ॅलेक्स गिब्ज यांनी तुलनेने हलक्या, पण चपळ खेळाडूंच्या साहाय्याने क्षेत्रवार अडवणुकीला मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली. या संघाचा टेरेल डेव्हिस १९९५ च्या खेळाडू-निवडीत सहाव्या फेरीत निवडला गेला होता; १९९८ च्या हंगामात त्याने २,००८ यार्ड धाव घेतली. १९९७ व १९९८ या दोन्ही हंगामांचे सुपर बोल विजेतेपद डेन्व्हरने मिळविले. झोन रीडचा विकास १९९० च्या दशकाच्या प्रारंभी वेस्ट व्हर्जिनियातील ग्लेनव्हिल स्टेट महाविद्यालयात रिच रॉड्रिगेझ यांनी केला.

सुरक्षितता : डेन्व्हरचे खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या पायांवर खालून झेप घेऊन त्याला पाडीत, त्यावर प्रतिस्पर्धी संघांनी कडक टीका केली. एकाने वरून गुंतविलेल्या खेळाडूच्या पायांवर दुसऱ्याने आघात करणे विशेष धोक्याचे असते; गुडघ्यास कायमची इजा होऊ शकते. नॅशनल फुटबॉल लीगने २०१६ मध्ये असे सर्व आघात निषिद्ध ठरविले. डोके पुढे करून धडकण्यास महाविद्यालयीन व शालेय खेळात १९७६ मध्येच बंदी करण्यात आली आणि त्यानंतर मानेच्या गंभीर दुखापतींत लक्षणीय घट झाली. तथापि फळीतील खेळाडूंच्या डोक्याला वारंवार बसणाऱ्या लहान धक्क्यांचा प्रश्न त्यामुळे सुटला नाही. पिट्सबर्ग स्टीलर्सचा ख्यातनाम सेंटर माइक वेब्स्टर २००२ मध्ये ५० व्या वर्षी मरण पावला. त्याच्या मेंदूत अशा आघातांशी संबंधित ऱ्हासाची लक्षणे विकृतिवैज्ञानिक बेनेट ओमालू यांना आढळली व ती २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. हात पुढे व डोके मागे ठेवून अडविण्याच्या तंत्राचे महत्त्व त्यामुळे केवळ कौशल्यापुरते राहिलेले नाही; खेळाडूच्या उत्तरायुष्याशी त्याचा संबंध जोडला जातो.