छोट्या गावाची शाळा : पैसा कोणाचा, कारभार कोणाचा?

न्यू जर्सीत आपल्यापैकी कोणी घर घ्यायला निघाले, की खोल्या किती आणि तळघर आहे का, याच्याही आधी प्रश्न येतो, "स्कूल डिस्ट्रिक्ट कसे आहे?" उत्तरही ठरलेले. दहापैकी नऊ, दहापैकी आठ. या एका आकड्याच्या भरवशावर आपण आयुष्यातली सर्वांत मोठी खरेदी करतो आणि पुढे वीस-तीस वर्षे दर तिमाहीला घराचा कर भरत राहतो. पण ती शाळा चालवते कोण, शिक्षकांचे पगार कुठून होतात आणि तो आकडा नेमके काय सांगतो, असे विचारले तर आपली उत्तरे मोघम होतात. त्याला कारणही आहे. ही व्यवस्था आपण लहानपणी पाहिलेल्या व्यवस्थेहून अगदी निराळी आहे.

'डिस्ट्रिक्ट' या शब्दापासूनच घोटाळा सुरू होतो. आपल्या कानाला तो 'जिल्हा' असा ऐकू येतो. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या हाताखाली शेकडो शाळा असतात. त्यांच्या शिक्षकांचा पगार राज्य सरकारच्या तिजोरीतून येतो आणि अनुदानित खाजगी शाळांचाही तसाच. न्यू जर्सीत मात्र सुमारे सहाशे स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत आणि त्यांतली कित्येक एकेका गावापुरती आहेत. काहींत तर एकच शाळा आहे. एक शाळा, तिचे स्वतंत्र बोर्ड, स्वतंत्र अंदाजपत्रक आणि स्वतंत्र सुपरिंटेंडेंट!

उदाहरणादाखल क्रॅनबरी हे गाव घेऊ. प्लेन्सबरो, ईस्ट विंडसर, साउथ ब्रन्सविक या आपल्या लोकांच्या वस्तीच्या गावांना ते लागूनच आहे. २०२० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या चार हजारांहून थोडी कमी भरली. गावात बालवर्गापासून आठवीपर्यंतची एकच सरकारी शाळा आहे. हायस्कूल नाही. नववीपासून मुले बसने प्रिन्स्टन हायस्कूलला जातात आणि क्रॅनबरी त्यांची फी प्रिन्स्टनला देते. कारभार, पैसा आणि गुणवत्ता या तिन्ही गोष्टी समजून घ्यायला हे छोटे गाव पुरेसे आहे.

बोर्ड म्हणजे कोण?

क्रॅनबरीच्या बोर्डावर नऊ सभासद आहेत. मुदत तीन वर्षांची आणि दरवर्षी तीन जागांची निवडणूक. पगार शून्य. उमेदवार अमेरिकन नागरिक असावा, मतदार असावा आणि त्या डिस्ट्रिक्टमध्ये किमान एक वर्ष राहिलेला असावा. शिक्षणशास्त्राची पदवी लागत नाही. तेव्हा आपल्या शेजारचा हिशेबनीस, पलीकडच्या गल्लीतली परिचारिका, निवृत्त इंजिनिअर असे लोक या बोर्डावर बसतात आणि लाखो डॉलरच्या अंदाजपत्रकावर सही करतात.

बोर्डाची मोठी कामे तीन : धोरण ठरवणे, अंदाजपत्रक मंजूर करणे आणि सुपरिंटेंडेंट नेमणे. रोजचा कारभार सुपरिंटेंडेंट पाहतो आणि पैशांचा हिशेब बिझिनेस अॅडमिनिस्ट्रेटर. शिक्षकांच्या नेमणुकाही सुपरिंटेंडेंटच्या शिफारशीवरून होतात. बोर्डाच्या सभासदांसाठी राज्याची आचारसंहिता आहे. तिचा मथितार्थ असा, की शाळा चालवणे हे सभासदाचे काम नव्हे, ती नीट चालते आहे ना हे पाहणे त्याचे काम. एकट्या सभासदाला कसलाही अधिकार नसतो. जो काही अधिकार आहे तो सभेत बसलेल्या बोर्डाला. म्हणून मुलाच्या वर्गाविषयी तक्रार असेल तर ओळखीच्या सभासदाला गाठून उपयोग नाही. आधी शिक्षक, मग मुख्याध्यापक, मग सुपरिंटेंडेंट आणि सर्वांत शेवटी बोर्ड, अशी चढती पायरी आहे. 'ओळख काढण्याची' आपली जुनी सवय इथे फारशी कामाला येत नाही, आणि ते बरेच आहे!

पैसा येतो कुठून?

मुख्यतः तुमच्या-आमच्या घरांवरून. २०२४ मध्ये न्यू जर्सीतील घरपट्टीची सरासरी प्रथमच वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर गेली. राज्यभरात जमा होणाऱ्या या कराचा निम्म्याहून किंचित जास्त भाग शाळांकडे जातो.

अर्थात हे सगळे घरावरच सोडले तर श्रीमंत गावाची शाळा श्रीमंत आणि गरीब गावाची गरीब राहणार. राज्यघटनेत मात्र १८७५ पासून कलम आहे, की पाच ते अठरा वर्षांच्या सर्व मुलांसाठी परिपूर्ण आणि कार्यक्षम मोफत शाळा राज्याने चालवाव्यात. या कलमावरून १९७३ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने केवळ घरपट्टीवर उभी असलेली पद्धत घटनाबाह्य ठरवली. विधिमंडळ पैशांची तरतूद करीना, तेव्हा १९७६ च्या जुलैत न्यायालयाने शाळाच बंद करण्याचा हुकूम दिला आणि त्यानंतर राज्यात प्राप्तिकर आला. पुढे 'अॅबट विरुद्ध बर्क' या प्रदीर्घ खटल्यातून गरीब शहरांतील ३१ डिस्ट्रिक्टना भरीव मदत मिळाली. २००८ मध्ये सर्व राज्याला एकच सूत्र लागू करणारा कायदा झाला.

हे सूत्र ऐकायला किचकट, पण कल्पना सोपी आहे. प्रत्येक मुलामागे खर्च धरायचा. हायस्कूलच्या, गरीब घरातल्या किंवा इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मुलासाठी तो जास्त धरायचा. मग गावातील मालमत्तेची किंमत आणि लोकांचे उत्पन्न, दोन्ही पाहून गावाने स्वतः किती द्यावे हे ठरवायचे. उरलेले राज्य देते. क्रॅनबरीसारख्या सधन गावाच्या वाट्याला या मुख्य मदतीतले काही उरत नाही. विशेष शिक्षण, सुरक्षा, बसवाहतूक अशा ठराविक बाबींची मदत मात्र मिळते.

क्रॅनबरीचे आणखी एक भाग्य आहे. टर्नपाइकच्या एक्झिट ८-एजवळ मोठमोठी गोदामे उभी आहेत. गोदाम कर भरते आणि शाळेत मूल पाठवत नाही! त्यामुळे घरमालकांवरचा भार हलका होतो. नुसत्या घरांच्या गावाला ही सोय नसते. दोन गावांच्या करांची तुलना करताना हे जरूर पाहावे.

दोन टक्क्यांची वेस

२०१० च्या कायद्याने डिस्ट्रिक्टला करवसुली दरवर्षी दोन टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. आरोग्यविम्याचा खर्च, वाढलेली पटसंख्या अशा काही बाबींना सूट आहे. त्यापलीकडे जायचे तर मतदारांचा कौल घ्यावा लागतो.

समजा, एका छोट्या डिस्ट्रिक्टची वसुली एक कोटी डॉलर आहे. म्हणजे वाढ फक्त दोन लाख. त्याच वर्षी विम्याचे हप्ते वाढले आणि विशेष गरजा असलेली दोन मुले गावात राहायला आली, तर तेवढ्यात सगळे संपले. त्या मुलांना योग्य शिक्षण देणे हे १९७५ च्या संघीय कायद्याने बंधनकारक आहे आणि ते योग्यच आहे. एखाद्या मुलाला खास शाळेत पाठवायची वेळ आली तर खर्च फार मोठा होतो. मोठ्या डिस्ट्रिक्टमध्ये असा धक्का विरून जातो. छोट्यात तो एका शिक्षकाच्या नोकरीवर किंवा व्हायोलिनच्या वर्गावर येतो.

पूर्वी दर एप्रिलमध्ये अंदाजपत्रकावर थेट मतदान होई. २०१२ च्या कायद्याने शाळांची निवडणूक नोव्हेंबरमध्ये नेण्याची मुभा दिली, आणि जिथे ती नेली तिथे मर्यादेत बसणाऱ्या अंदाजपत्रकावर मतदान होत नाही. बहुतेक डिस्ट्रिक्टनी हाच मार्ग घेतला. म्हणजे आता तुमचे मत पैशांवर नाही, तर पैसे खर्च करणाऱ्या सभासदांवर. इमारतीसाठी कर्जरोखे काढायचे असतील तर मात्र मतदान आजही लागते.

हायस्कूल दुसऱ्याचे

क्रॅनबरीची मुले प्रिन्स्टनला जातात, ती फी खर्चाच्या हिशेबाने ठरते आणि अंतिम हिशेब लागल्यावर मागाहून कमीजास्त केली जाते. प्रिन्स्टनच्या बोर्डावर दहा सभासद आहेत. नऊ प्रिन्स्टनच्या मतदारांनी निवडलेले आणि एक क्रॅनबरीचा. त्या एकाला हायस्कूलशी संबंधित अशा ठराविक विषयांवरच मत आहे. २०१८ मध्ये प्रिन्स्टनला जागेची टंचाई भासू लागली, तेव्हा क्रॅनबरीची मुले घेत राहावे का, यावर गावात मोठी चर्चा झाली. शेवटी करार पुढे चालू राहिला. असा संबंध एका बाजूने सहज तोडता येत नाही. त्यासाठी राज्याच्या शिक्षण आयुक्तांकडे जावे लागते. पण पैसे पूर्ण आणि आवाज दहात एक, ही परिस्थिती बदलत नाही.

मग "ही छोटी डिस्ट्रिक्ट एकत्र का करीत नाहीत?" असा प्रश्न येतोच. २०२२ मध्ये राज्याने अशा एकत्रीकरणाच्या अभ्यासासाठी अनुदान देणारा कायदाही केला. पण एका गावाचा कर उतरला की दुसऱ्याचा चढतो, आणि आपली शाळा आपल्या हातून जाणे कोणालाच रुचत नाही. घोडे तिथेच अडते.

गुणवत्ता कशी वाचावी?

तिसरी ते आठवी आणि हायस्कूलमध्ये राज्याच्या परीक्षा होतात. पाच पातळ्या असतात आणि चौथी गाठली की अपेक्षा पूर्ण झाली असे धरतात. २०१९ मध्ये भाषेच्या परीक्षेत राज्यातील सुमारे ५८ टक्के मुलांनी ती गाठली. महामारीनंतर २०२२ मध्ये हे प्रमाण ४९ टक्क्यांच्या आसपास आले. क्रॅनबरी आणि प्रिन्स्टन राज्याच्या सरासरीच्या पुष्कळ वर असतात. पण त्यात शाळेचा वाटा किती आणि घरी पुस्तके व शिकलेले आईवडील असण्याचा किती, हे त्या टक्क्यावरून कळत नाही.

दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, छोट्या शाळेचे टक्के हेलकावे खातात. इयत्तेत पन्नास मुले असतील तर पाच मुलांनी निकाल दहा टक्क्यांनी वर किंवा खाली जातो. एका वर्षाच्या आकड्यावर घर घेऊ नये आणि विकूही नये. दुसरी, राज्य दरवर्षी प्रत्येक शाळेचा अहवाल प्रसिद्ध करते. त्यात 'वाढीचा' आकडा असतो. आधी सारखेच गुण असलेल्या मुलांच्या तुलनेत या शाळेतली मुले किती पुढे गेली, हे तो सांगतो. ५० म्हणजे मध्य. आधीपासून हुशार असलेल्या मुलांच्या शाळेचे टक्के उत्तम आणि वाढ साधारण, असेही असू शकते. आपल्या मुलाला शाळा काय देते आहे, हे पाहायचे तर हा आकडा आधी पाहावा.

आणि आपण?

आपल्यातले कितीतरी जण एच-१ वर किंवा ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षे आहेत. कर पूर्ण, मत नाही. क्रॅनबरीची प्रिन्स्टनमध्ये जी स्थिती, त्याहून आपली अवघड! पण बोलायला नागरिकत्व लागत नाही. बोर्डाच्या सभा कायद्याने उघड्या असतात आणि प्रत्येक सभेत लोकांना बोलायला वेळ राखून ठेवावाच लागतो. कागदपत्रे मागण्यासाठीही मतदार असावे लागत नाही.

शाळेचे आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होते. राज्याच्या मदतीचे आकडे हिवाळ्याच्या अखेरीस येतात, मार्चमध्ये कच्चे अंदाजपत्रक तयार होते आणि एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीस जाहीर सुनावणी होते. म्हणजे शिक्षक कमी करायचे, की बस, की व्हायोलिन, याचा निर्णय त्या सात-आठ आठवड्यांत होतो. छोट्या गावात त्या सभेला वीस माणसेही जमत नाहीत. अशा खोलीत एका शांत, अभ्यास करून विचारलेल्या प्रश्नाला वजन असते. आपण मात्र बहुधा जूनमध्ये, निर्णय होऊन गेल्यावर, एकमेकांच्या घरी जेवताना हळहळतो.

ज्यांना नागरिकत्व मिळाले आहे त्यांनी तर नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर अध्यक्षाच्या आणि गव्हर्नरच्या नावापाशी न थांबता स्कूल बोर्डाच्या रकान्यापर्यंत जावे. मुले कॉलेजात गेली म्हणून संबंध सुटत नाही, कारण कर सुटत नाही. आणि ज्याला हिशेब वाचता येतो, रात्री दोन तास बसून दुसऱ्याचे ऐकता येते, अशा एखाद्याने उमेदवारीचा अर्जही भरून पाहावा. असे लोक आपल्यात निश्चितच आहेत.