'बे', 'ना', 'म्हणे': वाक्याच्या शेपटीत दडलेलं नातं

ऐकायला वेळ नसेल तर आजचा भाग इथे वाचून काढा.

बीटेकनंतर मला पुण्यात नोकरी लागली. तिथे माझ्या 'काय करून राहिला बे?'वर सगळे हसायचे. मग मी 'काय करतोयस?' म्हणायला लागलो. एकदा नागपूरच्या मित्राला फोन केला, तर दोन मिनिटांत तो म्हणतो, "राग आला काय बे? असा काऊन बोलून राहिला?" राग वगैरे काही नव्हता. फक्त माझं 'बे' गेलं होतं.

'बे'चा अर्थ सांगा बरं? सांगता येत नाही, पण त्याचं काम पक्कं आहे. 'चल' हा हुकूम. 'चल ना' ही विनंती. 'चल बे' म्हणजे दोस्ती. हेच काकांना म्हणून बघा, घरात महाभारत!

आता मी नागपुरातूनच हाँगकाँगच्या एका टीमसोबत काम करतो, म्हणून थोडी कँटोनीज शिकतोय. या भाषेत ६ सूर आहेत. सूर बदलला की शब्दच बदलतो. त्यामुळे आवाज चढवून-उतरवून भाव दाखवायला जागा कमी उरते आणि बरंच काम वाक्याच्या शेवटचे छोटे शब्द करतात.

'सिक्' म्हणजे खा. 'सिक् ला' म्हणजे खा ना. साध्या वाक्याला 'मे' जोडलं की आश्चर्य: 'तू येत नाहीस की काय?' 'ग्वा' जोडलं की अंदाज: 'असेल बहुतेक.' आणि माझं लाडकं 'वो', खालून वर चढणाऱ्या सुरातलं. ते थेट आपलं 'म्हणे': 'तो येणार म्हणे.' म्हणजे मी ऐकलेलं सांगतोय, उद्या तो नाही आला तर मला धरू नका!

हे शब्द यादी पाठ करून येत नाहीत. एकच वाक्य वेगवेगळ्या शेपटांसह ऐका आणि कोण कोणाला बोलतंय ते बघा.

आणि हो, आपली बोली म्हणजे बिघडलेली मराठी नाही. ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५ च्या सातव्या खंडातही वऱ्हाडी-नागपुरीची नोंद आहे. मीटिंगमध्ये मी अजूनही 'बे' टाळतो. मित्राला फोन लावला की मात्र पहिला शब्द तोच.

तुमच्याकडे वाक्याला कोणतं शेपूट लागतं? व्हॉइस नोट पाठवा. पुढचा भाग ऐकाल ना?