धारेचा हिशेब

नागपूर-अमरावती महामार्गावरचा तिवसा हा संत्रा, कपाशी आणि तुरीचा मुलूख. या भागात आरा मशीनवर धुऱ्यावरची बाभूळ येते, निंब येतो, वठलेला आंबा येतो. परतवाड्याच्या आगारातले मेळघाटी सागवान जंगलात वाढलेले असते. त्याला माणसाचा हात फारसा लागलेला नसतो. धुऱ्यावरच्या झाडाचे तसे नाही. कुणी त्याला तारकुंपण ठोकलेले असते, कुणी बैल बांधायला खिळा. झाड वाढते, साल लोखंडावरून बंद होते आणि वीस वर्षांनी ते लोखंड पट्ट्याच्या दातांत येते.

पट्टा म्हणजे पोलादाची लांब पट्टी, दोन टोके जोडून केलेली. वरखाली असलेल्या दोन मोठ्या चाकांवर ती ताणून बसवतात. ही कल्पना जुनी आहे. लंडनच्या विल्यम न्यूबेरीने 1808 साली तिचे पेटंट घेतले, पण तेव्हाचे जोड टिकत नसत, पट्टे तुटत. 1846 मध्ये फ्रान्समधल्या अ‍ॅन पॉलिन क्रेपँ या बाईंनी जोडाची नवी रीत काढली. पॅरिसच्या पेरँ कारखान्याने त्यांचा हक्क विकत घेतला आणि मग हे यंत्र खऱ्या अर्थाने चालू लागले.

पट्टा किती जाड असावा, याचा एक साधा नियम आहे: चाकाच्या व्यासाच्या हजाराव्या भागाइतका. चाक 36 इंची, म्हणजे 914 मिलिमीटर. तर पट्टा 0.9 मिलिमीटर, साधारण 20 गेजचा. याहून जाड पट्टा चाकावर वाकताना लवकर थकतो. हे थकणे किती असते, ते आकड्यांत पाहावे. 36 इंची चाक मिनिटाला 600 फेरे घेत असेल आणि पट्टा 20 फूट लांब असेल, तर पट्ट्याच्या मिनिटाला 280 च्या वर प्रदक्षिणा होतात. प्रत्येक प्रदक्षिणेत तो दोनदा वाकतो आणि दोनदा सरळ होतो. तीन तासांत पट्ट्याची प्रत्येक जागा लाखभर वेळा वाकलेली असते.

वाकण्याचा हा ताण साठतो दोन दातांमधल्या खाचेच्या तळाशी. डोळ्यांना न दिसणारे तडे तिथेच सुरू होतात. म्हणून धार लावणे हे निव्वळ टोक तीक्ष्ण करण्याचे काम नाही. धारेच्या मशीनवर एक बोट पट्ट्याला एकेक दात पुढे ढकलते. एमरीचे चाक दाताच्या पोटावरून खाली उतरते, खाचेच्या तळातून फिरते आणि पुढच्या दाताच्या पाठीवरून वर निघते. तळाचा थकलेला पातळ थर त्यात निघून जातो. जाणता मिस्त्री एकदाच दाबून घासत नाही, दोन-तीन हलके फेरे देतो. चाक जास्त दाबले की टोक निळे पडते. निळे पडलेले टोक काचेसारखे ठिसूळ होते आणि पहिल्याच कडक बाभळीत झडते.

धार गेल्याचे पट्टा स्वतःच सांगतो. आवाज जड होतो, ट्रॉली रेटावी लागते, भुसा कणीदार न पडता पिठासारखा आणि गरम पडतो, फळीवर लाटा उठतात. तरीही गिऱ्हाईक उभे असते आणि म्हणते, “एवढा एक ओंडका होऊन जाऊ द्या ना भाऊ.” बोथट पट्टा लाकूड कापण्याऐवजी घासतो. घासला की तापतो, तापला की फुगतो, आणि मिस्त्रीने ऐरणीवर हातोडीने दिलेला ताण उतरतो. त्या एका ओंडक्याची किंमत पुढच्या धारेला जास्त पोलाद घासून चुकवावी लागते.

मग एका पट्ट्याला किती धारा झाल्या, हे कसे कळणार? सोपा मार्ग रुंदी मोजण्याचा. धरा, पट्टा नवा असताना 100 मिलिमीटर होता आणि 70 वर आला की उतरवायचा. दर धारेला अर्धा मिलिमीटर गेला, तर 60 धारा मिळतील. पण खिळा लागून दात तुटले, तर सगळे दात एका उंचीला आणायला दोन मिलिमीटर घासावे लागतात. एका खिळ्यात चार धारा गेल्या. रुंदी मोजली की पट्टा किती झिजला ते कळते. तो लाकडाने झिजला, खिळ्याने की हलगर्जीने, ते मात्र कळत नाही. नुसत्या धारा मोजणेही तितकेच अपुरे, कारण तिथे खिळ्याची धार आणि रोजची धार एकाच रेघेत जमा होते.

त्यासाठी वही हवी. आणि नोंद कोणत्या पट्ट्याची, तेही ओळखता यायला हवे. त्यासाठी पट्ट्यावर खोल पंच मारू नये, तडा तिथूनच निघायचा. रंग लाकडात घासून जातो. त्यापेक्षा टांगायच्या खुंट्यांना क्रमांक द्यावेत आणि उतरवलेला पट्टा आपल्याच खुंटीवर जावा. वहीत प्रत्येक धारेसमोर तारीख, किती तास चालला, कोणते लाकूड कापले, धारेनंतर रुंदी किती आणि तडा किंवा खिळा असल्यास तसा शेरा. सागवानात वाळूच्या जातीची सिलिका असते, तिने टोक लवकर मरते. ओला आंबा टोकाला सौम्य, पण दात जास्त फाकवून मागतो. हे अनुभवी मिस्त्रीला तोंडपाठ असते. तो गाव सोडून गेला की ज्ञानही त्याच्याबरोबर जाते.

आरा मशीनला वहीचे वावडे नाही. 12 डिसेंबर 1996 रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने केंद्राच्या मंजुरीवाचून वनक्षेत्रात चालणाऱ्या आरा गिरण्या बंद करायला लावल्या. पुढे नव्या परवान्यांवरही निर्बंध आले. आलेल्या आणि गेलेल्या लाकडाची नोंद परवानाधारकाला ठेवावीच लागते. ती वही वनखात्यासाठी असते, म्हणून नीट असते. पट्ट्याची वही मालकाच्या स्वतःच्या खिशासाठी असते आणि नेमकी तीच राहून जाते. सहा महिने ती ठेवली, तर धुऱ्यावरच्या ओंडक्याचा कापाईचा दर सागवानापेक्षा वेगळा का असावा, खिळा निघाल्यास दाताची भरपाई कुणी द्यायची आणि ओंडका ट्रॉलीवर चढवण्याआधी धातुशोधक फिरवणे परवडते का, या तिन्ही प्रश्नांना अंदाजाऐवजी आकड्याने उत्तर देता येते.